दुसरा मिस्त्री लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेरला 2006 साली बांधलेलं स्लॅबचं घर. त्यावर 620 चौरस फुटांचा मजला चढवायचा ठेका मटेरियलसह 1,650 रुपये फूट दराने दिला, एकूण 10,23,000 रुपये. दिवाळीनंतर काम सुरू झालं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, घर द्यायचं असं स्टॅम्पवर लिहिलं. होळीआधी मजूर गावी गेले, परतले ते निम्मेच. आखाजी उलटल्यावर काम पूर्ण बंद. स्लॅब झालाय आणि तीन बाजूंच्या भिंती उभ्या आहेत, बाकी सगळं राहिलंय. आतापर्यंत 7,40,000 दिले, त्यातले 60,000 आखाजीनंतर; रोख दिलेल्यांच्या पावत्या नाहीत. ठेकेदार म्हणतो, मागाहून सांगितलेली गॅलरी वगैरे जादा कामाचे 1,10,000 द्या, मग येतो. त्याचा मिक्सर आणि सेंट्रिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) प्लेटा अजून अंगणात आहेत. पुढच्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न. दुसरा मिस्त्री उद्यापासून यायला तयार आहे. त्याला लावू का, प्लेटा अडकवून ठेवू का, आणि पोलिसांत जाऊ का, असं विचारलंय.

भाऊ, उद्या मिस्त्री लावू नका. एवढं एक ऐकलंत तरी पुष्कळ.

मी पस्तीस वर्षं जळगाव-धुळ्याकडे बांधकामात आहे, आणि त्यातली बरीचशी दुसऱ्यांची अर्धवट कामं मोजण्यात गेली. कोर्टाने पाहणीसाठी नेमलेला कमिशनर म्हणून साइटवर गेलं की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते: भांडण ज्या कामावरून आहे ते काम गिलाव्याखाली गेलेलं असतं. मालक म्हणतो पहिल्याने भिंत छातीपर्यंतच आणली होती, ठेकेदार म्हणतो लिंटलपर्यंत, म्हणजे दारा-खिडकीवरच्या पट्ट्यापर्यंत, आणली होती, आणि माझ्यासमोर रंग दिलेली गुळगुळीत भिंत. मी काय लिहिणार? तुमचं अर्धवट काम हाच तुमचा पुरावा आहे. दुसऱ्या मिस्त्रीने पहिली थापी मारली की तो पुरावा बुजायला लागतो.

दुसरं कारण कायद्याचं. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम 1963 मध्ये 2018 साली दुरुस्ती झाली आणि कलम 20 नवं आलं. एकाने काम सोडलं तर दुसऱ्याकडून पूर्ण करून घ्या आणि झालेला खर्च पहिल्याकडून वसूल करा, अशी सोय त्यात आहे. पण त्याआधी पहिल्याला किमान 30 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ही नोटीस न देता मिस्त्री लावलात तर त्या कलमाचा आधार हातचा जातो, आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणतो, "आमचे अशील यायला तयार होते, यांनीच परस्पर दुसरा माणूस लावला." तुम्ही महिनोन्महिने वाट पाहिलीत, आणखी एक महिना जड जाईल हे कळतं. पण हा महिना फुकट जात नाही. मोजणी, हिशेब, गॅलरीची तपासणी, सगळं याच महिन्यात करायचं आहे.

मोजणी आधी, नोटीस नंतर. ठेकेदाराला साधा व्हॉट्सॲप मेसेज टाका: अमुक रविवारी सकाळी नऊला झालेल्या कामाची मोजणी ठेवली आहे, तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर राहा. आला तर उत्तम, दोघांच्या सह्या एका कागदावर येतील. नाही आला तरी बोलावल्याची नोंद राहते. शेजारचे दोन शहाणे लोक पंच म्हणून घ्या, आणि शक्यतो एखादा इंजिनिअर, ज्याचं या ठेकेदाराशी देणंघेणं नाही असा. लोखंडी टेप भिंतीला लावून आकड्यासकट फोटो काढा. कॉलम किती, भिंतीची लांबी-उंची किती, खिडक्यांच्या चौकटी बसल्यात का, लाईटचे पाइप स्लॅबमध्ये टाकलेत का, पडून असलेली खडी किती ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), सळई किती. सळई वजनाने मोजायला काटा लागत नाही. व्यासाचा वर्ग करून 162 ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत येतं, म्हणजे 12 मिमीची सळई मीटरला 0.89 किलो. सिमेंटच्या गोणी आखाजीपासून पडल्या असतील तर त्या संख्येत धरा, किमतीत धरू नका. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट तपासल्याशिवाय कॉलम-बीममध्ये घालायचं नसतं, आणि पावसाळ्यात ओट्यावर ठेवलेली गोणी बहुतेक वेळा दगड झालेली असते.

आता हिशेब. बहुतेक लोक इथेच चुकतात, दोन्ही बाजूंचे. तुमच्या डोक्यात 7,40,000 बुडाले असं आहे. ते खरं नाही. स्लॅब तुमच्या डोक्यावर उभा आहे, तो कुणी नेला नाही. ढोबळ मानाने मी आरसीसी (सळई-काँक्रीटच्या) सांगाड्याला ठेक्याचे 45 टक्के धरतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून वीटकाम आणखी 8 टक्क्यांचं झालेलं दिसतं. म्हणजे 53 टक्के, रुपयांत 5,42,000 च्या आसपास. दिलेल्या रकमेतून ते वजा केलं तर जास्त गेलेले 1,98,000.

पण कोर्ट आणि ग्राहक आयोग यांना पटणारा हिशेब वेगळा आहे, आणि तुमच्या दृष्टीने तोच बरोबर. उरलेलं काम पुरं करायला आज किती लागतील ते धरा. समजा नवा माणूस 4,95,000 मागतो. अर्धवट काम हातात घेणारा नेहमी थोडे जास्तच मागतो, कारण पहिल्याची पापं त्याच्या गळ्यात येतात. पावसात भिजून खराब झालेल्या भागाच्या दुरुस्तीचे 35,000 धरा. बेरीज 5,30,000. यातून तुम्ही मूळ ठेकेदाराला अजून जे देणं लागत होतात ते 2,83,000 वजा करा. राहिले 2,47,000. हे तुमचं खरं नुकसान. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 73 चा हिशेब साधारण असाच चालतो: करार पाळला असता तर तुम्ही ज्या जागी असता तिथे तुम्हाला आणून ठेवायचं, त्याहून वर नाही. लग्नाला हॉल घ्यावा लागला, मनस्ताप झाला, ते मागा, पण त्यावर विसंबून राहू नका.

जादा कामाचं काय? तुम्ही सांगता की गॅलरी मूळ नकाशात नव्हती, वहिनींनी साइटवर उभं राहून सांगितली, आणि त्याने केली. मग तिचे पैसे द्यावे लागतील. लेखी नव्हतं हे इथे चालत नाही. कुणी फुकट करायचं नाही म्हणून केलेलं काम तुम्ही वापरत असाल तर करार कायद्याच्याच कलम 70 प्रमाणे त्याचा मोबदला देणं येतं. 4 बाय 12 ची गॅलरी म्हणजे 48 फूट. बाहेर काढलेल्या स्लॅबला सळई जास्त लागते म्हणून सांगाड्याचा दर 800 धरला तरी 38,400 होतात. उरलेल्या सत्तर-बहात्तर हजारांत त्याने सळईची भाववाढ आणि वाळू महाग पडल्याचं लावलंय. गिरणेची वाळू मिळणं कठीण झालंय हे मला ठाऊक आहे, लिलाव नसतील तेव्हा एका ब्रासचा भाव ऐकून घाम फुटतो. पण मटेरियलसह ठरलेल्या दरात ती जोखीम त्याची. भाववाढ देऊ असं स्टॅम्पवर लिहिलेलं नसेल तर ती मागता येत नाही. तेव्हा 2,47,000 मधून 38,000 स्वतःहून वजा करा आणि नोटिशीत 2,09,000 मागा. आपण होऊन त्याच्या हक्काचं कबूल केलेला माणूस समोर बसला की ऐकणाऱ्याची नजर बदलते. हे मी अनेकदा पाहिलंय.

गॅलरीवरून आणखी एक गोष्ट, आणि ही पैशांपेक्षा मोठी आहे. फोटोत गॅलरीखाली आधाराच्या दोन बल्ल्या अजून टेकलेल्या दिसतात. त्या कुणालाही काढू देऊ नका. भिंतीबाहेर काढलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असावी लागते, कारण तिथे ताण वर येतो. आतल्या खोलीच्या स्लॅबला ती खाली असते. सेंट्रिंगवाला चेअर (सळई वर उचलून धरणारे टेकू) लावून सळई नीट बांधतो, मग काँक्रीटच्या पाट्या घेऊन पंधरा मजूर त्याच जाळीवरून चालतात आणि सळई दबून खाली बसते. वरून काही दिसत नाही. बल्ली काढली की त्या दिवशीही काही होत नाही. पहिल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात भिंतीलगत गॅलरीच्या वरच्या बाजूला केसाएवढी चीर येते, आणि लग्नघरात तिथे वीस माणसं वरात बघायला उभी राहिली की काय होईल ते मी लिहीत नाही.

तपासायचं कसं? स्लॅब टाकायच्या दिवशी नारळ फोडला असेल. त्याचे फोटो शोधा, पाहुण्यांच्या मोबाइलमध्येही. चाळीसगावकडच्या एका वादात मला असाच एक फोटो कामी आला होता. पुढे घरचे आबा हात जोडून उभे, मागे कोपऱ्यात गॅलरीची जाळी, आणि मोठं करून पाहिल्यावर सळई सरळ फळीवर टेकलेली, खाली कव्हर ब्लॉकसुद्धा (सळई फळीपासून वर ठेवणारा ठोकळा) नाही. असा फोटो नसेल तर सळई शोधणारं यंत्र असतं, ते काँक्रीट न फोडता सळई किती खोल आहे ते सांगतं. रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज येतो. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा खासगी चाचणी प्रयोगशाळेत चौकशी करा. हा अहवाल आयोगातही लागेल.

तसंच खालच्या घराचं. 2006 चे कॉलम वरच्या मजल्याचा भार धरून काढले होते का, याचा मूळ नकाशा कुणाकडे आहे? आणि गच्चीवर सोडलेल्या सळया जवळजवळ वीस वर्षं ऊन-पाऊस खात होत्या. त्यावरचा गंज घासून, पुरेसा जोड देऊन नवी सळई बांधली का? 16 मिमीच्या सळईला मी निदान अडीच फुटांचा जोड मागतो. साइटवर फूट-दीड फुटांत भागवलेलं दिसतं. काळ्या मातीवरचं घर असेल तर खालच्या भिंतींना उन्हाळ्यात तिरक्या चिरा पडल्यात का ते बघा, आणि पडल्या असतील तर त्यावर तारीख घालून पेन्सिलने खूण करून ठेवा.

नोटिशीकडे वळतो. वकिलाकडूनच द्या, चार पैसे जातील पण भाषा नेमकी येते. तीत करार, दिलेल्या रकमा तारखेसह, मोजणीत सापडलेलं काम, राहिलेलं काम आणि ही ओळ हवी: ही नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत काम सुरू करून अमुक तारखेपर्यंत पुरं करावं, न केल्यास दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च वसूल केला जाईल. आखाजीनंतर दिलेल्या 60,000 चा उल्लेख टाळू नका. तो नक्की म्हणणार की तुम्ही पैसे दिले म्हणजे मुदत वाढवली. तुम्ही आधीच लिहा की ते काम लवकर उरकावं म्हणून दिले, उशिराच्या नुकसानभरपाईचा हक्क सोडलेला नाही. पोचपावतीसह टपालाने पाठवा, आणि तोच कागद व्हॉट्सॲपवरही टाका. "घेण्यास नकार" असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीटच पुरावा आहे. उत्साहात फोडून आत काय लिहिलंय ते वाचणारे भेटलेत मला, स्वतःचीच नोटीस!

रोख दिलेल्या पैशांचं तुम्ही विचारलंय. पावत्या नाहीत. आपल्याकडे ठेकेदाराकडे पावती मागणं म्हणजे त्याचा अपमान केल्यासारखं समजतात. नोटीस जायच्या आधी, गोडीत बोलणं चालू आहे तोवर, एक मेसेज टाका: "भाऊ, माझ्या वहीप्रमाणे आजपर्यंत 7,40,000 पोचलेत, तुमच्याकडेही तेवढेच आहेत ना?" तो बहुधा उत्तर देईल, "हो, पण जादा कामाचे राहिले." या एका ओळीत तुमची पावती आली. असे मेसेज पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील. फोन मात्र बदलू नका, विकू तर मुळीच नका.

प्लेटा आणि मिक्सर अडकवून ठेवू नका. मोह होतो, कळतं. पण त्या प्लेटा बहुतेक त्याच्याही नसतात, सेंट्रिंगवाल्याकडून भाड्याने आणलेल्या असतात. उद्या तो तिसराच माणूस तुमच्या दारात उभा राहील, आणि पोलिसांत तक्रार कुणावर होईल? तुमच्यावर. यादी करा, फोटो काढा, नोटिशीत लिहा की सही करून घेऊन जा. गॅलरीखालच्या बल्ल्या तेवढ्या तपासणी होईपर्यंत राहतील, त्यांचं भाडं मी देईन, हेही लिहा. वीटभट्टीवाला किंवा खडीवाला "तुमच्या घरी माल टाकला" म्हणून पैसे मागायला आला तर त्याला चहा पाजा आणि पाठवा. त्याचं देणं ठेकेदाराचं आहे, तुम्ही स्वतः शब्द दिला नसेल तर.

पोलीस "हा दिवाणी मामला आहे" म्हणतील, आणि बहुतांशी बरोबरच म्हणतील. काम अर्धवट टाकणं म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. पैसे घेतानाच काम न करण्याचा इरादा होता असं दिसावं लागतं. तुमच्याकडे त्याने स्लॅब टाकलाय, तेव्हा ते दिसणार नाही. महारेराही तुमच्यासाठी नाही. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्याचा वाद तिथे चालत नाही, ते बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे.

तुमची जागा जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. घरबांधणी ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलंय, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही सेवेच्या व्याख्येत ती आहे. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच तक्रार होते. तुमच्या रकमेला फी फक्त 200 रुपये. तक्रार ऑनलाइनही करता येते, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. दिवाणी दाव्याला 3 वर्षं आहेत, पण तिथे कोर्ट फी रकमेप्रमाणे लागते आणि वेळही जास्त. कायद्यात आयोगाने तीन ते पाच महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलंय. तेवढ्यात होईल असं मी सांगणार नाही, लग्नाआधी पैसे हातात येतील असंही नाही.

एक अडचण तुम्ही लिहिली नाहीत, मी विचारतो: वरच्या मजल्याची नगरपालिकेची परवानगी काढली आहे ना? नसेल तर आधी वास्तुविशारदाकडे जाऊन ते नियमात बसवून घ्या. समोरचा माणूस रागावला की त्याचा पहिला अर्ज नगरपालिकेत पडतो.

इतकं सगळं असूनही, नोटीस पोचल्यावर निम्मे ठेकेदार कुणातरी मोठ्या माणसाला मध्ये घालून बैठकीला येतात. बसा. तो वाईटच आहे असं धरू नका. होळीआधी सातपुड्यातले पावरा मजूर भोंगऱ्याला, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराला, जातात ते रंगपंचमीनंतरच उतरतात, हे इथल्या प्रत्येक ठेकेदाराला माहीत असतं. त्याने ते तुमच्या मुदतीत धरलं नाही ही त्याची चूक, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी स्लॅबमध्ये तुमचे पैसे घातले ही त्याहून मोठी. पण काम येणारा माणूस असेल तर तोच पुरं करील तर स्वस्त पडेल. फक्त "दोन दिनमा येसू, भाऊ" यावर आता उठायचं नाही. नवा कागद: कोणतं काम कोणत्या तारखेला, ते झाल्यावर किती पैसे, झाल्याशिवाय एक रुपया नाही, आणि शेवटचे पाच टक्के एक पावसाळा गेल्यावर.

तो आला नाही आणि दुसरा लावलात, तरी वेळापत्रक लग्नावरून मागे मोजा. नोटिशीचा महिना गेला की दसरा-दिवाळीच्या सुमारास काम सुरू होईल, आणि नेमकी तेव्हाच कापूस वेचणी असते, मजूर शेतात. म्हणून वीटकाम आणि लाईटच्या पाइपचं काम थोड्या माणसांत चालतं ते तेव्हा घ्या. आतला-बाहेरचा गिलावा संक्रांतीनंतर सुरू करून भोंगऱ्याच्या बाजाराआधी संपवा, म्हणजे पाणी मारायलाही थंडी मिळते. एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी मारलेलं पाणी दुपारी शोधून सापडत नाही. होळीनंतर फरशी, दारं, रंग. आणि कागदावर या वेळी आखाजी लिहू नका. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला सुरू होतं आणि आखाजीलाच संपतं, तिथे ते चालतं. ठेक्याच्या कागदावर तारीख लिहा, आणि ती लग्नाच्या निदान चाळीस दिवस आधीची असू द्या.